पोथी नसती तर देव सुचला असता का?

पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या १७०३ सालच्या वृत्तांतात शार्त्र गावातल्या एका तरुणाची हकिकत नोंदलेली आहे. वय तेवीस-चोवीस, कारागिराचा मुलगा, जन्मापासून ठार बहिरा आणि म्हणून मुका. एके दिवशी त्याला घंटेचा नाद ऐकू आला. पुढे डाव्या कानातून पाण्यासारखं काही वाहिलं आणि दोन्ही कान मोकळे झाले. तीन-चार महिने तो कुणाला काही न सांगता नुसता ऐकत राहिला, ऐकलेले शब्द स्वतःशी पुटपुटत राहिला आणि मग एकदम बोलू लागला. गावात खळबळ उडाली. धर्मशास्त्री मंडळी लगोलग त्याच्याकडे गेली. कानावर एकही शब्द पडत नव्हता त्या वर्षांमध्ये तुला देव माहीत होता का? आत्मा? पाप-पुण्य?

त्याचे विचार तिथवर पोचलेच नव्हते. आईबाप कॅथलिक होते. तो त्यांच्याबरोबर चर्चमध्ये जायचा, क्रूसाची खूण करायचा, गुडघे टेकायचा, प्रार्थना करणाऱ्या माणसासारखा बसायचा. हे कुणासाठी आणि कशासाठी, हे मात्र त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

आता दुसरा मुलगा पाहा. मेल्व्हिल बॅलार्ड हाही कर्णबधिर. मोठेपणी तो वॉशिंग्टनमध्ये कर्णबधिरांच्या महाविद्यालयात शिक्षक झाला. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली त्याच्या आठवणी छापल्या. लिहायला शिकण्याच्या दोन-तीन वर्षं आधी, वडिलांबरोबर गाडीतून फिरताना, त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला होता: हे जग आलं कुठून? झाडाचा एक बुंधा पाहून त्याला वाटलं, पहिला माणूस यातून तर निघाला नसेल? मग त्याचं त्यालाच सुचलं की हा बुंधा आधीच्या मोठ्या झाडाचा उरलेला भाग आहे. मग ते झाड कुठून आलं? सूर्य, चंद्र, तारे, सगळ्यांपाशी तो असाच जाऊन थडकला.

ही दोन मुलं माझ्या मनातून जात नाहीत. ‘धर्मग्रंथ नसते तर लोकांनी देव मानला असता का?’ या प्रश्नावर आपण तावातावाने बोलतो आणि दोन्ही बाजूंना उत्तर उघड वाटतं. एक म्हणतो, देव ही पुस्तकातून डोक्यात भरलेली कल्पना आहे. दुसरा म्हणतो, देव प्रत्येकाच्या आतच असतो, पुस्तक नंतर येतं. शार्त्रचा तरुण दुसऱ्याला अडवतो, बॅलार्ड पहिल्याला. शिवाय बॅलार्डला प्रश्न सुचला, उत्तर सुचलं नव्हतं. आणि तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइनने याच आठवणीवर एक बोचरी शंका घेतली आहे: तेव्हाच्या शब्दहीन विचाराचं तू आज शब्दांत केलेलं हे भाषांतर बरोबर आहे, याची तुला खात्री आहे का? मोठेपणी शिकलेल्या भाषेतून आपण आपलं लहानपण वाचतो. ही शंका मला पूर्ण झटकून टाकता येत नाही.

खरी अडचण अशी की हा एक प्रश्न नाहीच. देवाची कल्पना माणसाच्या मनात येते कुठून, हा एक प्रश्न. ती खरी मानायला आधार काय, हा वेगळा. आणि तो देव कोण, कसा, त्याला माझ्याकडून काय हवं आहे, हा तिसरा. ग्रंथाचं वजन या तिन्ही ठिकाणी सारखं नाही. पहिल्या प्रश्नात ते कमी भरतं, तिसऱ्यात फार, आणि दुसऱ्यावर तर हजाराहून अधिक वर्षं भांडण चालू आहे. ते भांडण सगळ्यात सुंदर रीतीने संस्कृत दर्शनांमध्ये झालं, म्हणून तिथे जरा थांबतो.

आपल्याला एखादी गोष्ट कळते ती कोणत्या वाटेने? दर्शनकार या वाटांना प्रमाणं म्हणतात. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. धूर पाहून आगीचा अंदाज बांधला ते अनुमान. भरवशाच्या माणसाने सांगितलं म्हणून कळलं ते शब्द. ईश्वर डोळ्यांना दिसत नाही, हे बहुतेकांना मान्य होतं. मग उरल्या दोन वाटा: अनुमान किंवा शब्द. तर्काने पोचायचं की ग्रंथाने?

न्याय दर्शनाचे लोक म्हणाले, तर्काने. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’मध्ये ईश्वराच्या बाजूने युक्तिवादांची रांगच लावली. त्यातला पहिला आणि सर्वांत गाजलेला साधा आहे. घडा आपोआप होत नाही, त्याला करणारा लागतो. पृथ्वी, अंकुर, डोंगर हीसुद्धा कार्यंच आहेत, म्हणजे भागांपासून जुळून बनलेली. तेव्हा त्यांनाही कर्ता हवा. असा कर्ता मुळातले अणू जाणणारा असला पाहिजे आणि माणसाच्या हातात ते नाही, म्हणून तो ईश्वर.

उदयनांना हा खटाटोप करावा लागला त्यामागे एक पेच होता. वेद खरे का? ईश्वराने सांगितले म्हणून. ईश्वर आहे कशावरून? वेदांत म्हटलंय म्हणून. दोन माणसं एकाच वेळी एकमेकांच्या खांद्यावर उभी राहू पाहतात, तसं हे झालं. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. आजही ‘देव आहे कारण ग्रंथ सांगतो, आणि ग्रंथ खरा कारण तो देवाचा आहे’ असं कुणी म्हणालं की ऐकणारा नेमका इथेच बोट ठेवतो. उदयनांनी हे वर्तुळ एका जागी तोडलं. आधी निव्वळ तर्काने ईश्वर सिद्ध करायचा, आणि ईश्वर विश्वासार्ह आहे म्हणून त्याचे शब्दही विश्वासार्ह, असं पुढे जायचं. या मांडणीत ईश्वर ग्रंथावर टेकलेला राहत नाही. उलट ग्रंथच ईश्वरावर टेकतो.

मीमांसकांनी तर सगळा डावच उलटा टाकला. सातव्या शतकाच्या सुमाराचे कुमारिल भट्ट वेदांचे कट्टर रक्षक, पण जगाचा निर्माता मानायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं असं: वाक्यात चूक येते ती बोलणाऱ्यामुळे. माणूस विसरतो, फसतो, फसवतो. वेदांना बोलणाराच नाही, ते अपौरुषेय आहेत, म्हणून त्यांत चुकीला शिरायला जागाच नाही. इथे ईश्वराला ग्रंथाचा कर्ता करणं ही मदत ठरत नाही, ती ग्रंथाला धोका ठरते. ग्रंथावर जीव ओवाळून टाकणारी, यज्ञाचं एकेक वाक्य जपणारी ही परंपरा निर्मात्या ईश्वराशिवाय उभी राहिली. जैनांचे आगम आणि बौद्धांचं त्रिपिटकही तसंच. ग्रंथ आहेत, प्रचंड आहेत, आणि जग निर्माण करणारा देव त्यांत नाही. ग्रंथ हातात आला की देव मागोमाग येतोच, ही समजूत इथेच संपते.

तिसरी बाजू वेदान्ताची. ब्रह्मसूत्रांत ‘शास्त्रयोनित्वात्’ असं एक छोटं सूत्र आहे. शंकराचार्य त्याचे दोन अर्थ देतात: ब्रह्म हे शास्त्राचं उगमस्थान आहे, किंवा शास्त्र हे ब्रह्माच्या ज्ञानाचं उगमस्थान आहे. एकाच समासात आपला अख्खा वाद मावलेला आहे! देवापासून ग्रंथ, की ग्रंथापासून देवाची ओळख?

याच सूत्रावर रामानुजाचार्यांनी जे लिहिलं ते मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत धीट लिखाण वाटतं. ते स्वतः ईश्वराचे निस्सीम भक्त. तरी त्यांनी ईश्वर सिद्ध करणारा तर्क मोडून काढला. जग हे कार्य आहे, मान्य. पण ते एकाच कर्त्याने एकाच वेळी केलं, हे कशावरून? वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे कर्ते, वेगवेगळ्या काळी, असं का नसावं? आणि आपण पाहतो ते सगळे कर्ते देहधारी आणि मर्यादित शक्तीचे असतात. त्यांच्यावरून अनुमान करत गेलात तर हाती येणारा कर्ताही तसाच तोकडा निघेल. म्हणून परब्रह्म कळतं ते शास्त्रानेच. सहाशेहून अधिक वर्षांनी, १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या लिखाणात, स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने जवळजवळ हाच आक्षेप घेतला: घर किंवा जहाज बांधायला पुष्कळ माणसं लागतात, मग विश्वाला एकच निर्माता कशावरून? त्याच दारातून बाहेर पडून ह्यूम संशयाकडे वळला आणि रामानुज शास्त्राकडे. तर्क एका मर्यादेपलीकडे देव देऊ शकत नाही, इथवर दोघं बरोबर चालले होते.

चार्वाक या सगळ्यांच्या बाहेर उभे. प्रत्यक्षापलीकडे काही मानायचंच नाही म्हटल्यावर ग्रंथही गेला आणि ईश्वरही.

पश्चिम आशियातल्या ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांकडे ‘ग्रंथांचे धर्म’ म्हणून पाहायची सवय आहे, त्यामुळे तिथे तरी ग्रंथ आधी असेल असं वाटतं. काळाचा क्रम तपासला की वेगळं दिसतं. तिन्ही धर्म ज्याला श्रद्धेचा मूळपुरुष मानतात त्या अब्राहमाच्या हातात, त्याच्याच कथेनुसार, कोणताही ग्रंथ नव्हता. कुराणात तर त्याचा एक प्रसंग आहे: तो तारा पाहतो, मग चंद्र, मग सूर्य; प्रत्येकाला देव म्हणून पाहतो आणि प्रत्येक मावळताना पाहून सोडून देतो. प्रेषित मुहम्मद ६३२ साली गेले. कुराणाची प्रमाण लिखित प्रत तिसरे खलीफा उस्मान यांच्या काळात, ६५० च्या आसपास ठरली. आज बायबलच्या नव्या करारात जी २७ पुस्तकं आहेत ती सगळी आणि तेवढीच असलेली यादी पहिल्यांदा दिसते ती ३६७ सालच्या, बिशप अथानासियसच्या पत्रात. म्हणजे त्याआधीची तीनशे वर्षं ख्रिस्ती माणसं जगली, मेली, छळ सोसून गेली, ती पुस्तकांची अंतिम यादी ठरलेली नसताना. गुरु नानकांचा जन्म १४६९ चा, आदिग्रंथाचं संकलन १६०४ चं. कोणत्याही ग्रंथाची पहिली पिढी घ्या, तिच्याकडे तो ग्रंथ पूर्ण झालेला नसतो. श्रद्धेने ग्रंथ घडवला आणि मग ग्रंथाने पुढच्यांची श्रद्धा घडवली.

अर्थात, पहिल्या पिढीकडे पुस्तक नसलं तरी ‘सांगणारा’ होता. हा आक्षेप योग्य आहे, आणि इथे ग्रंथ या शब्दाचा अर्थ सैल करावा लागतो. वेद शतकानुशतकं कागदावर नव्हते, कंठात होते. तरी ते ग्रंथाचंच काम करत होते. शाई आणि कागद हा मुद्दा गौण आहे. एका माणसाचा देवाविषयीचा शब्द दुसऱ्याने प्रमाण मानला, की त्या क्षणी ग्रंथाचं बीज पडलं.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जन्मलेला विचारवंत टॉमस पेन याने याच बीजावर हल्ला चढवला. तो नास्तिक नव्हता. एकाच देवावर माझा विश्वास आहे, असं १७९४ साली त्याने स्पष्ट लिहिलं. पण कोणत्याही धर्मग्रंथाला तो देववाणी मानत नव्हता. त्याचा युक्तिवाद असा: देवाने एखाद्याला काही सांगितलं असेल तर तो साक्षात्कार त्या माणसापुरता. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, की ती ऐकीव गोष्ट झाली, आणि ऐकीव गोष्ट मानायला मी बांधील नाही. त्याच्या मते देवाचा खरा शब्द म्हणजे ही सृष्टी, सगळ्यांना वाचता येणारी.

साक्षात्कार त्या माणसापुरता, हे पेनचं पहिलं अर्धं मला पटतं, पुढचं तितकं नाही. ऐकीव म्हणून सगळंच फेकायचं ठरवलं तर मला माझी जन्मतारीखही उरत नाही. ती मी आईवडिलांच्या शब्दावरच मानतो. आपलं बहुतेक ज्ञान असं उसनं असतं आणि त्यात कमीपणा नाही. सांगणारा भरवशाचा आहे का, हाच खरा प्रश्न, आणि न्यायवाल्यांनी त्यासाठी ‘आप्त’ हा नेमका शब्द ठेवला आहे: ज्याला ठाऊक आहे आणि जो जसं आहे तसं सांगतो तो. जन्मतारखेच्या बाबतीत आप्त ओळखणं सोपं. देवाच्या बाबतीत ते अवघड, कारण सांगणारे अनेक आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. सृष्टीही पेनला वाटली तितकी सरळ वाचता येत नाही. तेच आकाश पाहून एकाला निर्माता दिसतो, दुसऱ्याला नियम, तिसऱ्याला नुसती पोकळी.

ज्यांच्यापर्यंत यांपैकी कुणाचाच ग्रंथ पोचला नव्हता त्या समाजांत काय दिसतं? पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांमध्ये एक म्हण आहे: लहान मुलाला आकाश दाखवावं लागत नाही. तिथे आकाशासाठी आणि परमेश्वरासाठी न्यामे हाच शब्द चालतो. दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांचा क्वोथ वाऱ्यासारखा, न दिसणारा, सर्वत्र असणारा. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९५६ साली त्यांच्या धर्मावर सविस्तर लिहिलं तेव्हा ‘लिपी नसलेल्यांची भाबडी समजूत’ हा शिक्का टिकणार नाही, हे वाचणाऱ्यांना कळून चुकलं. लेखन ही मानवजातीच्या हिशेबात अलीकडची गोष्ट, मेसोपोटेमियात सुमारे सव्वापाच हजार वर्षांपूर्वीची. आजच्या तुर्कस्तानात गोबेक्ली टेपे इथे टनावारी वजनाचे कोरीव खांब उभे केले गेले ते त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी. ते नक्की कशासाठी होते यावर वाद आहे; निव्वळ निवाऱ्यासाठी कुणी एवढे कष्ट घेईल असं मात्र मला वाटत नाही.

तरी घाई नको. ब्राझीलमधल्या मायसी नदीकाठच्या पिराहां लोकांकडे भाषाशास्त्रज्ञ डॅनियल एव्हरेट १९७७ साली गेले ते बायबल त्यांच्या भाषेत नेण्यासाठी, मिशनरी म्हणून. तिथे त्यांना भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या, पण सर्वोच्च देव किंवा जग कुणी निर्माण केलं याची कथा आढळली नाही. येशूविषयी सांगितलं की लोक विचारत, तू त्याला पाहिलंस का? तुझ्या बापाने पाहिलं का? नाही म्हटलं की त्यांचा रस संपे. अखेर एव्हरेट यांचीच श्रद्धा गेली. निर्मात्या देवाची कल्पना सार्वत्रिक आहे, असं छातीठोकपणे म्हणणाऱ्याने हे लोक लक्षात ठेवावेत. न दिसणारं कुणीतरी आहे, ही भावना फार दूरवर पसरलेली दिसते. ‘एकच, सर्वशक्तिमान, सगळं निर्माण करणारा’ इथवरचा प्रवास मात्र सगळे करत नाहीत.

बालमानसशास्त्र याच्याशी जुळतं. डेबोरा केलेमन यांनी लहान मुलांना विचारलं, काही खडक टोकदार का असतात? मातीचे थर साचून तसे झाले, की प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून? सात-आठ वर्षांची मुलंही दुसऱ्या उत्तराकडे झुकत. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये असंच दिसलं. प्रत्येक गोष्टीमागे ‘कशासाठी’ शोधायची मनाला खोड आहे. खुट्ट झालं की आधी ‘कोण आहे?’ असंच तोंडातून निघतं, ‘काय आहे?’ नंतर. अशा मनात देवाची कल्पना सहज रुजते, असं या संशोधकांचं म्हणणं. त्यावरून देव आहे किंवा नाही यातलं काहीच सिद्ध होत नाही. अंकगणितही आपल्या मनाला रुजतं, आणि भुतंही.

ग्रंथाशिवाय श्रद्धा टिकते का, याचा एक क्रूर प्रयोग इतिहासाने स्वतःच करून ठेवला आहे. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यांमध्ये शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाही असं ठरवून टाकलं गेलं; स्त्रियांनाही तो दरवाजा बंद. अतिशूद्रांना तर देवळाचाही. या न्यायाने देवाची खरी ओळख त्यांना होताच कामा नये होती. आणि तेरा-चौदाव्या शतकात जनाबाई दळता-कांडताना विठ्ठलाशी भांडते, चोखामेळा उंबरठ्याबाहेरून त्याला जाब विचारतो. मराठीत देवाशी इतक्या जवळिकीने बोललेले शब्द ज्यांना वेद ऐकायला मिळाले त्यांच्याकडून फार थोडे आले. हे वाचताना मला आजही राग आणि नवल दोन्ही वाटतं. मात्र त्यांच्या कानावर काहीच नव्हतं असं नाही. कथा, कीर्तन, नाम, आधीच्या संतांचे अभंग हे सगळं होतं. शंकराचार्यांच्या भाष्यातही इतिहास-पुराणं ऐकायला चारही वर्णांना मोकळीक आहे. पोथी नाकारली गेली तरी गोष्ट झिरपत राहिली. तसंही, छपाई येईपर्यंत जगातल्या बहुसंख्य श्रद्धावंतांनी स्वतःचा धर्मग्रंथ कधी वाचलेला नव्हता. त्यांना देव भेटला तो माणसांकडून, आवाजातून.

आता तिसरा प्रश्न: देव आहे असं मानणं वेगळं आणि त्याच्यावर भार टाकून जगणं वेगळं. ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यू आयुष्यभर निरीश्वरवादी होते आणि २००४ साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी जाहीर केलं की निसर्गाची रचना पाहून आपल्याला एक बुद्धिमान आदिकारण मानावंसं वाटतं. ग्रंथ कोणताच नाही, मरणोत्तर जीवनही नाही. तर्काने मिळालेला देव हा असा असतो. तो आहे, पण त्याला हाक मारता येत नाही, कारण तो ऐकतो की नाही हे तर्क सांगत नाही.

याच्या समोर ब्लेझ पास्कालला ठेवा. फ्रान्सचा थोर गणिती. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला काही अनुभव आला. त्याने तो कागदावर उतरवला आणि तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला; १६६२ मध्ये तो गेल्यावर सापडला. त्यात लिहिलं होतं: अब्राहमाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव; तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. एका माणसाच्या आयुष्यातला सर्वांत खाजगी क्षण, कुणालाही न दाखवलेला, आणि त्यासाठी त्याला सुचलेले शब्द बायबलच्या निर्गम पुस्तकातले! अनुभव त्याचा, भाषा ग्रंथाची. ग्रंथ नसता तर तो अनुभव आला नसता असं मी म्हणणार नाही. तो आला असता तर पास्कालने त्याला काय नाव दिलं असतं, हे मात्र सांगता येत नाही, आणि नाव नसलेला अनुभव माणूस किती दिवस सांभाळून ठेवू शकतो, हेही नाही.

म्हणून मला सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याची उपमा आवडते, त्याची बाकीची मतं कितीही कठोर असली तरी. देवाची जाणीव प्रत्येकाच्या मनात पेरलेली आहे, असं तो मानतो. पण ती म्हाताऱ्या डोळ्यांसारखी अंधूक. समोर सुंदर पुस्तक धरलं तरी दोन शब्द जुळत नाहीत. धर्मग्रंथ म्हणजे चष्मा. चष्म्याने दृष्टी निर्माण होत नाही, आहे ती नेमकी होते. आता चष्म्याचा नंबर चुकीचा असला तर काय, हे कॅल्व्हिन विचारत नाही. आपण विचारू शकतो. चष्मे अनेक आहेत आणि ते लावणाऱ्यांना एकच दृश्य दिसत नाही.

‘सगळे ग्रंथ आज जळाले तर हजार वर्षांनी विज्ञान जसंच्या तसं परत येईल, धर्म येणार नाहीत’ असा एक युक्तिवाद हल्ली वारंवार ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. तीच नावं, त्याच कथा, तेच उपवासाचे दिवस परत येणार नाहीत. पण बॅलार्डचा बुंध्यापाशी थांबलेला प्रश्न परत येईल. कुणीतरी न्यामे म्हणेल, कुणीतरी क्वोथ, आणि कुठेतरी पिराहांसारखे लोक खांदे उडवतील. इतिहासही जाळला तर जसाच्या तसा परत येत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. घडलेली गोष्ट साक्षीनेच टिकते. आपला देव इतिहासात एकदा बोलला, असं मानणाऱ्यांना ग्रंथ सोडता येत नाही तो यामुळेच. आपला देव सृष्टीत रोज दिसतो असं मानणाऱ्याला ही अडचण नाही.

इस्लामी विद्वानांनी हा प्रश्न एका काल्पनिक माणसावर तपासला: उंच डोंगरावर एकटाच वाढलेला, कोणताही प्रेषित ज्याच्यापर्यंत पोचला नाही असा. त्याने देव ओळखला नाही तर तो दोषी का? मातुरीदी पंथाचे लोक म्हणाले, हो. आकाश आणि पृथ्वी पाहून निर्मात्याला ओळखण्याइतकी बुद्धी त्याला दिली होती. अशअरी पंथाचे लोक म्हणाले, नाही. संदेश पाठवण्याआधी आम्ही कुणाला शिक्षा करत नाही, असं कुराणच सांगतं. मला अशअरींच्या उत्तरात दया अधिक दिसते आणि शार्त्रचा तो तरुण आठवतो.

बाराव्या शतकात आंदालुसियातल्या, म्हणजे मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनमधल्या, इब्न तुफैल या वैद्याने या डोंगरावरच्या माणसाची गोष्टच लिहिली. माणूस नसलेल्या बेटावर हय नावाचं बाळ हरिणीच्या दुधावर वाढतं. हरिणी मरते. तिच्यात असं काय होतं जे गेलं, हे शोधायला तो तिचं काळीज उघडून पाहतो. त्या एका दुःखातून सुरुवात करून प्राणी, वनस्पती, अग्नी, तारे असं करत, भाषेशिवाय, ग्रंथाशिवाय, तो वर्षानुवर्षांनी देवापर्यंत पोचतो. मग शेजारच्या बेटावरून ग्रंथ मानणारा अबसाल तिथे येतो, त्याला बोलायला शिकवतो, आणि दोघांना कळतं की एकाला एकांतात सापडलं तेच दुसऱ्याच्या ग्रंथात प्रतीकांतून सांगितलं आहे.

गोष्ट इथे संपली असती तर ती सोपी झाली असती. पण हय हट्टाने अबसालच्या बेटावर जातो, लोकांना प्रतीकांच्या पलीकडचं सांगू लागतो. लोक आधी आदराने ऐकतात, मग त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, मग ते तोंड फिरवतात. हयच्या लक्षात येतं की आपल्याला एकट्याला ज्या वाटेने जाता आलं ती सगळ्यांची नाही. या माणसांना त्यांचा ग्रंथ, त्यातले नियम आणि कथाच धरून ठेवतात. तो त्यांची माफी मागतो, तुमची वाट सोडू नका म्हणतो, आणि अबसालला घेऊन आपल्या निर्जन बेटावर परत जातो. तिथे ते दोघं मरेपर्यंत उपासना करतात, एक ग्रंथातून आलेला, दुसरा ग्रंथाविना.